वीस झोके, एकोणपन्नास सेकंद

बाळ सात महिन्यांचं, मुलगी. जन्म डिसेंबरच्या मध्याला, अडतिसाव्या आठवड्यात. वजन पावणेतीन किलो, बाळंतपण सुरळीत. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. घरात आई, वडील आणि वडिलांची आई. वडील शिरोलीला एका फौंड्रीत पाळीवर जातात, आई घरी बसून दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहिते. मी श्रवणतज्ज्ञ आहे. जुलैच्या मध्याला, धो धो पावसात, आई, वडील आणि बाळ माझ्याकडे आले. घरच्यांच्या संमतीनं हे प्रकरण लिहिते आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

तक्रार वडिलांनी सांगितली. "मॅडम, हिला ऐकू येईना झालंय काय बघा."

झालं होतं असं. रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आज्जी बाळाला साडीच्या झोळीत घालायची आणि पाळणा म्हणायची. दहा-बारा मिनिटांत बाळ झोपायचं. जुलै लागला तशी आज्जी रोप लावणीला शाहूवाडीकडच्या गावी गेली. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की बाळाचं रडणं सुरू व्हायचं ते नऊ वाजले तरी थांबायचं नाही. वडिलांनी मोबाईलवर तोच पाळणा शोधून लावला. शब्द तेच, चाल तीच, गायिका तयारीची, मागं बासरी आणि तबला. बाळानं एकदा मोबाईलकडं पाहिलं आणि पुन्हा रडायला लागलं. चार दिवस हेच. वडिलांचं म्हणणं सरळ होतं: साडेचार महिने रोज ऐकलेला पाळणा हिला ओळखू येत नाही, म्हणजे कानातच काहीतरी बिघडलंय.

मला हा तर्क चुकीचा वाटला नाही. हजार बाळांमागं एक ते तीन बाळं जन्मतःच कमी ऐकणारी असतात, आणि सात महिन्यांचं बाळ बऱ्यापैकी आवाज करत असल्यामुळं हे घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथं जन्मानंतरची श्रवणचाचणी केलेलीच नव्हती. ती पाच मिनिटांची चाचणी आहे, बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही. ती राहून गेली याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण ते घरच्यांवर ढकलण्यात अर्थ नव्हता. त्यांना अशी चाचणी असते हेच कुणी सांगितलं नव्हतं.

ती त्या दिवशी केली. निरोगी अंतर्कर्णात आवाज गेला की तिथल्या केसपेशी स्वतःचा एक अगदी बारीक प्रतिध्वनी परत पाठवतात, तो कानात ठेवलेल्या मायक्रोफोनला सापडतो. दोन्ही कानांत सापडला. पंधरा दिवसांमागं सर्दी होऊन गेली होती, म्हणून पडद्यामागं पाणी साचलंय का तेही पाहिलं. पडदे मोकळे होते. बाळाला आईच्या मांडीवर बसवून डावीकडून, मग उजवीकडून खुळखुळा हळूच वाजवला. दोन्ही वेळा मान वळली.

ऐकू येत होतं. मग रोजचा पाळणा ओळखू का येत नव्हता?

मोबाईलवरचा पाळणा मी लावायला सांगितला आणि आईला म्हटलं, आज्जी कशी म्हणतात ते जरा गुणगुणून दाखवा. ती कसनुशी झाली. "मला नाही गाता येत मॅडम. चौथीत समूहगीतातनं मला बाजूला काढलं होतं. तेव्हापासनं कधी तोंडच उघडलं नाही." मी आग्रह केला नाही. म्हटलं, गाऊ नका, आज्जी जशा झोका देतात तसा नुसता हात हलवून दाखवा. तिनं मांडीवर हात टेकवून तो सावकाश पुढं-मागं केला. मोबाईलवरचा तबला त्या हाताच्या कितीतरी पुढं धावत होता. दोघांनाही ते लगेच कळलं. आम्ही तिघंही काही क्षण त्या हाताकडं बघत बसलो.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल.

बाळ काय लक्षात ठेवतं हे त्याला विचारता येत नाही, म्हणून संशोधक आडवाटेनं विचारतात. कॅनडातल्या लॉरेल ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सहा महिन्यांच्या बाळांना घरी सात दिवस एकच लोकधून ऐकवली. आठव्या दिवशी प्रयोगशाळेत ती धून आणि एक नवी धून लावली. बाळ ज्या दिशेला बघत राहील तिकडचा आवाज चालू राहतो, नजर काढली की थांबतो, अशी रचना असते. बाळं नव्या धुनेकडं जास्त वेळ बघत राहिली. जुनी ओळखीची झाली होती, तिच्यात आता नवं काही नव्हतं. इथवर ठीक. पण तीच जुनी धून वेग बदलून, किंवा दुसऱ्या वाद्यावर वाजवली, तेव्हा ही निवड नाहीशी झाली. बाळं दोन्हीकडं सारखंच बघू लागली. धून तीच होती, तरी त्यांच्या लेखी ती ओळखीची उरली नव्हती. पुढच्याच वर्षी ज्युडी प्लँटिंगा आणि ट्रेनर यांनी उलटी बाजू दाखवली. वेग आणि वाद्य तेच ठेवून धून वरच्या किंवा खालच्या पट्टीत नेली, तर सहा महिन्यांची बाळं ती बिनचूक ओळखतात.

मोठ्या माणसाचं याच्या उलट असतं. आपल्याला कुणी एखादी चाल शिट्टीवर वाजवली, बँडवर वाजवली, दुप्पट वेगानं वाजवली, तरी आपण ती ओळखतो. आपण चाल तिच्या पोशाखापासून वेगळी काढायला शिकलेलो असतो. सात महिन्यांच्या बाळाला चढ-उतार कळतात, त्यात ते चांगलंच हुशार असतं. पण लय आणि आवाजाचा पोत हे त्याच्या आठवणीत चालीलाच चिकटून बसलेले असतात. या बाळासाठी तो पाळणा म्हणजे आज्जीचा खरबरीत आवाज, आज्जीची संथ लय. मोबाईलवरची गायिका त्यातलं काहीच देत नव्हती. तिनं कितीही सुंदर गायलं तरी बाळासाठी ते परकंच गाणं होतं.

वडिलांनी लगेच विचारलं, "मग माझ्या आईचाच आवाज रेकॉर्ड करून घेऊ काय?" ते करून झालं होतं, फक्त त्यांच्या लक्षात नव्हतं. आज्जीनं गावाहून व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हटला होता. आज्जीचा चेहरा दिसताच बाळ गप्प झालं, पडद्याला हात लावला, मिनिटभर ऐकलं, आणि मग आधीपेक्षा मोठ्यानं रडलं. मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून खर्जाचा भाग गळून जातो, गावाकडं रेंज तुटक, त्यात समोर दिसणारी आज्जी उचलून घेत नाही. मी त्या बाळाच्या जागी असते तर मीही रडले असते.

तरी एक गोष्ट मला पटेना. आईनं मांडीवर दाखवलेली लय अचूक होती. म्हणजे तिला ती पाठ होती. मग ती रोज झोका देत होती तो कसा देत होती? म्हणून दोन दिवसांनी मी घरी गेले.

जुनं कौलारू घर, मधल्या सोप्याला सागवानी तुळई, तुळईला कडी. कडी रिकामी होती. पावसात त्याच जागी गळती लागली म्हणून वडिलांनी झोळी सोडली होती आणि आतल्या खोलीत स्टीलचा नवा पाळणा आणून ठेवला होता. आज्जी गावी गेली त्याच आठवड्यात. कौलं नंतर चाळून झाली, गळती थांबली, झोळी मात्र परत बांधायची राहून गेली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मी मोबाईलचं घड्याळ लावून स्टीलचा पाळणा हलवला. कडीपासून गादीपर्यंत जेमतेम दीड फूट. वीस झोके सत्तावीस सेकंदांत झाले. मग झोळी पूर्वीसारखी बांधायला सांगितली. कडीपासून बाळाच्या अंगापर्यंत सुमारे पाच फूट, म्हणजे दीड मीटर. वीस झोके, एकोणपन्नास सेकंद.

शाळेतल्या लंबकाच्या धड्यात हे असतं. झोक्याला लागणारा वेळ लांबीवर ठरतो, बाळ जड की हलकं यावर नाही, आणि साधारण हलक्या झोक्यात तो किती जोरानं ढकलला यावरही नाही. दीड मीटरला जवळजवळ अडीच सेकंद, पंचेचाळीस सेंटीमीटरला सव्वा-दीड सेकंदाच्या मध्ये. म्हणजे आज्जीची संथ लय ही तिची एकटीची निवड नव्हती. तुळई किती उंच आणि साडी किती लांब, यावर ती ठरली होती. झोळी जाते तशी ओळ जाते, परत येते तशी ओळ संपते. माजघरातून सोप्यातून शतकानुशतकं गायलेले पाळणे इतके सावकाश का, याचं एक उत्तर मला त्या दिवशी तुळईला टांगलेलं दिसलं. हा माझा अंदाज आहे, पण तो मला आवडतो.

झोका ही नुसती हालचाल नाही, तो ऐकण्याचाच भाग आहे. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि ट्रेनर यांनी २००५ साली सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवला. कुठल्याही मात्रेवर जोर नसलेला, सपाट. काही बाळांना त्यावर दर दुसऱ्या मात्रेला उचलून नाचवलं, काहींना दर तिसऱ्या मात्रेला. नंतर ऐकवल्यावर बाळांनी तोच प्रकार जास्त ऐकला, ज्यात जोर त्यांच्या अंगानं अनुभवलेल्या मात्रेवर होता. नुसतं दुसऱ्याला नाचताना पाहिलेल्या बाळांत हे दिसलं नाही. कानानं ऐकलेलं अंगानं ठरवलं होतं. आमच्या बाळाच्या अंगात अडीच सेकंदांचा झोका मुरला होता. आणि आज्जी गेल्याच्या आठवड्यात एकदम चार गोष्टी बदलल्या: माणूस, आवाज, गाण्याची लय आणि झोक्याची लय. घरच्यांना त्यातली एकच दिसली होती.

यावर उपाय सांगणं सोपं होतं, करणं आईला अवघड होतं. झोळी परत बांधा आणि तुम्ही गा. ती म्हणाली, "बेसूर ऐकून आणखी रडंल ती."

मग मी तिला एक वेगळी गोष्ट सांगितली. बाळंतपणासाठी ती सातव्या महिन्यात माहेरी, गडहिंग्लजला गेली होती. बाळ अडीच महिन्यांचं झाल्यावर परत आली. म्हणजे घरात सगळे म्हणत होते तसं आज्जीचा पाळणा बाळानं पोटातल्या शेवटच्या महिन्यांत ऐकलेला नव्हता. पोटातल्या बाळाचे कान साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागतात. बाहेरचे उंच स्वर पोटाच्या भिंतीतून फारसे आत जात नाहीत, शब्द पुसट होतात, पण बोलण्याची चाल आणि ठेका जातो. आईचा आवाज तर हाडांतून, अंगातून थेट पोचतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली दाखवलं की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. फिनलंडमध्ये २०१३ साली एइनो पार्टानेन यांच्या गटानं गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत एक बालगीत वारंवार ऐकवलं, तर जन्मानंतर आणि चार महिन्यांनीही त्या बाळांच्या मेंदूचा त्या धुनेला प्रतिसाद न ऐकलेल्या बाळांपेक्षा ठळक होता. मी तिला म्हटलं, आज्जीचा पाळणा हिनं साडेचार महिने ऐकलाय. तुमचा आवाज तिनं त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकलाय, तुमचं दिवेलागणीचं शुभंकरोतीसुद्धा. तुमची पट्टी वेगळी असली तर चालेल, एखादा सूर घसरला तरी चालेल. आज्जीची लय धरा. ती तुमच्या हातात आहे, मी पाहिलीय.

पुढचे नऊ दिवस तिनं हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर नोंदी ठेवल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वेळ तीच, दूध पाजून झालेलं. रडणं थांबायला किती वेळ लागला तेवढंच लिहायचं.

पहिले दोन दिवस झोळी, आणि आई ओठ मिटून नुसती गुणगुणली. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी शब्दांसकट, चार मिनिटं. चौथ्या दिवशी शब्द विसरल्यावर तिनं मधे काहीबाही घातलं, भाजीची यादीसुद्धा. बाळाला काही फरक पडला नाही. पाचव्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणं झोळी तशीच ठेवून पाळणा मुद्दाम घाईनं म्हटला. बाळ रडलं नाही, पण झोपलंही नाही. टक लावून आईकडं बघत राहिलं, जणू हे काय नवीन. सहाव्या दिवशी स्टीलचा पाळणा आणि आईची संथ लय. झोका एकीकडं, गाणं एकीकडं, आई स्वतःच दोनदा चुकली, बाळ पंधरा मिनिटं कुरकुरत राहिलं. सातव्या दिवशी वडिलांची पहिली पाळी होती, म्हणून संध्याकाळी ते घरी होते. त्यांनी झोळीपाशी बसून खालच्या पट्टीत म्हटलं. बाळ त्यांच्या गळ्याकडं बघत बघत सात मिनिटांत शांत झालं. वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढं आईनं एक छोटा चांद काढलाय. शेवटचे दोन दिवस पुन्हा आई आणि झोळी: तीन मिनिटं, तीन मिनिटं.

यातून जेवढं निघतं तेवढंच मी काढते. एक बाळ, एक घर, आणि नोंद करणारी व्यक्ती तीच गाणारी. रोज गाणं ऐकून आईच्या आवाजाचीही सवय होत गेली असणार, म्हणून शेवटची तीन मिनिटं एकट्या झोळीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. शिवाय एका संशोधनात, जिथं वाद्याऐवजी बाईनं गायलेली अंगाई दोन आठवडे ऐकवली होती, सात महिन्यांच्या बाळांना पट्टी बदललेलीही कळली. म्हणजे माणसाच्या गळ्याची आठवण वाद्यापेक्षा बारकाईनं राहत असावी. आमच्या बाळालाही आईची पट्टी वेगळी आहे हे कळत असेल. तिनं ती चालवून घेतली, एवढं खरं.

मधे एक फाटा फुटला होता, तो इथं नोंदवते कारण अनेक घरांत तो फुटतो. वडिलांनी बुद्धी वाढवणारं संगीत म्हणून विकला जाणारा एक छोटा स्पीकर मागवला होता आणि तो उशाशी ठेवायचा विचार होता. या कल्पनेचं मूळ १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोत्झार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या एका चाचणीत थोडे जास्त गुण मिळवले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात एकही बाळ नव्हतं. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायचा बेत आखला, आणि तिथून ही समजूत जगभर गेली. मी वडिलांना स्पीकर परत करायला सांगितलं. उशाशी सतत चालू राहणारा आवाज बाळाच्या कानाला विश्रांती देत नाही, आणि त्यात बाळाकडं बघणारं कुणी नसतं. २०१६ साली सॅम्युएल मेहर आणि एलिझाबेथ स्पेल्की यांच्या गटानं पाच महिन्यांच्या बाळांना नवीन गाणी ऐकवली, काहींना आईवडिलांच्या तोंडून, काहींना खेळण्यातून. नंतर दोन अनोळखी माणसं दाखवली, त्यातल्या एकानं ते ओळखीचं गाणं गायलं. ज्यांना ते आईवडिलांनी शिकवलं होतं, तीच बाळं त्या माणसाकडं जास्त वेळ बघत राहिली. खेळण्यातून ऐकलेल्यांना तो माणूस आपला वाटला नाही.

वडिलांचे मामा गाण्यातले दर्दी. त्यांचा प्रश्न मला फार आवडला: "मग शास्त्रीय कधीपासनं ऐकवायचं?" ज्या गावात शाहू महाराजांच्या आश्रयाला राहून अल्लादिया खाँसाहेबांनी जयपूर-अत्रौलीची गायकी रुजवली, तिथं हा प्रश्न येणारच. मी सांगितलं, आत्तापासनंच, पण घरात कुणीतरी गुणगुणलेलं किंवा रियाजाला बसलेलं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली दाखवलं की उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन संगीतातले विषम मात्रांचे ठेके बिघडले तर कळतात, पण बारा महिन्यांच्या बाळांना कळत नाहीत. त्यांचा कान तोवर घरातल्या सम ठेक्यांपुरता झालेला असतो. मात्र बारा महिन्यांच्या बाळांना दोन आठवडे घरी तसं संगीत ऐकवलं की कान पुन्हा उघडतो. मोठ्यांचा तितका उघडत नाही. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ज्या घरात वाजतो, तिथलं बाळ ते दार उघडं ठेवूनच पहिला वाढदिवस गाठत असणार. मामा खूश होऊन गेले.

आज्जी एकोणीस दिवसांनी आली. मी मुद्दाम त्या संध्याकाळी गेले होते. पायांना अजून लाल मातीचा रंग होता. बाळ झोळीत, सून पाळणा म्हणत होती, आणि आज्जी आल्याचं तिला कळलं नव्हतं. आज्जी उंबऱ्याशीच थांबली. सुनेनं पाहिलं आणि लाजून एकदम गप्प बसली. आज्जी म्हणाली, "थांबलीस कशाला? म्हण की. मी जरा हितंच बसतो." सून म्हणाली, "आत्ती, आता तुम्ही म्हणा." आज्जीनं तिथूनच पुढची ओळ उचलली, आपल्या खरबरीत आवाजात. झोळीतनं एक हात बाहेर आला, मग डोकं. बाळ झोपेच्या काठावरनं परत आलं होतं आणि उंबऱ्याकडं बघत होतं. एकोणीस दिवसांनी. जेनी सॅफ्रन यांच्या प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांनी दोन आठवडे ऐकलेलं संगीत पुढचे दोन आठवडे काहीही न ऐकवता लक्षात ठेवलं होतं, ते मला तिथं आठवलं. अर्थात बाळानं आवाज ओळखला की पाळणा, हे मी सांगू शकत नाही. त्या वयाला हे दोन वेगळे असतातच असं नाही.

जाताना मी दोन गोष्टी बजावल्या. बाळ आता पालथं पडायला लागलंय, तेव्हा झोळीत एकटं सोडायचं नाही आणि झोप लागली की सपाट अंथरुणावर काढून ठेवायचं. आणि कडी, गाठ दर आठवड्याला तपासायची.

वर्षाच्या तपासणीला डिसेंबरात पुन्हा भेट झाली. कान उत्तम. बाळ स्टीलच्या पाळण्याला धरून उभं राहतं. त्या पाळण्यात आता घडी घातलेले कपडे असतात. झोळी अजून संध्याकाळी लागते, पण बाळाच्या वजनानं साडी ताणून खाली यायला लागली म्हणून आज्जीनं गाठ वीतभर वर घेतली होती. आई पाळणा म्हणत असताना मी सवयीनं घड्याळ लावलं. वीस झोके, पंचेचाळीस सेकंद. तिचं गाणंही तेवढंच पुढं सरकलं होतं, आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.